आवाज टिपतांना : ध्वनिमुद्रणांतील अडचणी व त्यांवरील उपाय



बोललेला शब्द हवेंत विरून जातो. तो धरून ठेवावा व पुन्हां ऐकावा, ही विद्या मनुष्यास साध्य होऊन जेमतेम दीडशें वर्षें होत आहेत. एडिसननें १८७७ मध्यें फोनोग्राफ यंत्र सिद्ध केलें, तेव्हां तें पाहण्यास लोक गर्दी करीत. आज तेंच सामर्थ्य घरोघरच्या मोबाईलमध्यें येऊन बसलें आहे. असें असूनहि आपण केलेलीं पुष्कळशीं मुद्रणें ऐकवत नाहींत. कोठें वाऱ्याची घरघर, कोठें विजेची गुणगुण, कोठें फाटलेला आवाज, तर कोठें काळवंडलेला चेहरा. मग आपण यंत्रास दोष देतों व महाग यंत्राची इच्छा धरतों. वस्तुतः यांतील बहुतेक दोष यंत्राचे नसून जागेचे, अंतराचे व घाईचे असतात. ते मुद्रणापूर्वीं सहज टाळतां येतात, मागून मात्र क्वचितच दुरुस्त होतात. हें कसें, तें या लेखांत पाहूं.

प्रथम, हा विषय आपल्या सातारा-सांगलीकडील मुलांस इतका निकडीचा कां, तें सांगितलें पाहिजे. आजचा सांगली जिल्हा पूर्वीं बराचसा सातारा जिल्ह्यांतच होता. १९४९ मध्यें 'दक्षिण सातारा' वेगळा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. याच मुलखांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार उभें राहिलें. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ तुफान सेनेनें सरकारी पगार नेणारी आगगाडी अडविली. त्या हल्ल्यांत भाग घेणारे कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड ५ फेब्रुवारी २०२२ रोजीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, निवर्तले. त्यापूर्वीं कांहीं वर्षें पत्रकार पी. साईनाथ यांनीं कुंडलास जाऊन त्यांची हकीकत टिपून ठेवली, म्हणून तो आवाज आज ऐकावयास मिळतो. परंतु त्या पिढींतील किती स्त्रीपुरुष एक शब्दहि मागें न ठेवतां गेले असतील, याचा हिशेब कोण देणार? जात्यावरच्या ओव्यांचेंहि तेंच. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें महाराष्ट्रांतील खेड्यांपाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जातें बंद पडलें, गिरणी आली; ओवी आतां वृद्ध बायकांच्या कंठांतच उरली आहे. अशा प्रसंगीं मुद्रण बिघडलें तर तें पुन्हां करण्याची संधि मिळेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष अडचणींकडे वळूं. पहिली गोष्ट अंतराची. मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून जों जों दूर जातो, तों तों त्याचा आवाज झपाट्यानें क्षीण होतो. खोलींतील इतर आवाज मात्र तितकेच राहतात. अंतर निम्मे केल्यास आवाजाची शक्ति सुमारें चौपट मिळते. म्हणून मोबाईल दूरच्या कोनाड्यांत न ठेवतां बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत ते एक हात अंतरावर ठेवावा. मात्र तो अगदीं समोर न धरतां किंचित् बाजूस असावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' या अक्षरांसरशी निघणारी फुंकर त्यावर आदळत नाहीं. मोबाईल हातांत धरूं नये. बोटांची खसखस मुद्रणांत मोठी होऊन उतरते. घडी घातलेल्या टॉवेलावर तो ठेवल्यास मेजाचे धक्केहि लागत नाहींत.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. जुन्या काळीं ही अडचण उलट प्रकारची होती. मिरजेस स्थायिक झालेले गायकश्रेष्ठ अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास निघाल्या, तेव्हां विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकास एका कर्ण्यासमोर जोरानें गावें लागे, आणि त्या कंपनानेंच मेणावर रेघ उमटे. विजेच्या साहाय्यानें मुद्रण १९२५ पासून सुरू झालें, आणि खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्यांत तो नाजूक, सुरेल स्वर उमटूं शकला. आज अडचण ही कीं, यंत्र फार संवेदनशील आहे. त्याच्या शून्य या खुणेवर आवाज गेला म्हणजे तो फाटतो, आणि फाटलेला आवाज मूळ रूपांत आणतां येत नाहीं. म्हणून बोलणाऱ्याचा सर्वांत मोठा आवाज शून्याच्या सुमारें १२ डेसिबल खालीं राहील अशी योजना करावी. हळू टिपलेला आवाज पुढें वाढवितां येतो. पातळी आपोआप बदलणारी सोय यंत्रांत असल्यास, व ती बंद करतां येत असल्यास, बंद करावी. नाहींतर वक्ता थांबला कीं यंत्र पंख्याचा आवाजच मोठा करूं लागतें.

तिसरी गोष्ट जागेची. दगडी वाड्याची ओसरी अथवा रिकामी सिमेंटची खोली बोलण्यास शोभिवंत खरी, पण उघड्या भिंतींवरून आवाज परत येऊन शब्द एकमेकांत मिसळतात. यावर आपल्या माणदेशांतच उत्तम उपाय तयार होतो, तो म्हणजे घोंगडी. वक्त्याच्या मागील भिंतीवर एक व समोर जमिनीवर एक घोंगडी पसरावी. गोधड्या व गाद्या असल्यास त्याहि चालतात. त्यांनीं प्रतिध्वनि बराच कमी होतो. परंतु बाहेरचा गोंगाट घोंगडीनें अडत नाहीं, त्यासाठीं वेळच निवडावी लागते. गळिताच्या हंगामांत वाळवें किंवा कराड या बाजूच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची ये-जा असते. अशा ठिकाणीं सकाळचा शांत प्रहर साधावा. पंखा, शीतकपाट व दूरदर्शन बंद करावें, आणि मुद्रण संपल्यावर शीतकपाट पुन्हां सुरू करण्यास विसरूं नये!

उघड्यावर मुद्रण करणें झाल्यास वारा हा मुख्य शत्रु होय. चाळकेवाडीच्या पठारावर ज्या वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात, त्यापुढें उघडा मायक्रोफोन काय टिकणार? मायक्रोफोनवर स्पंजाचें किंवा लव असलेल्या जाड कापडाचें आवरण घालावें, वाऱ्याकडे आपली पाठ करून आडोसा द्यावा, आणि तेंहि न जमल्यास घराच्या आंत यावें. वाऱ्याची घरघर मागून काढूं गेल्यास बोलण्याचा गोडवाहि तिच्याबरोबर जातो.

चवथी अडचण विजेची. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें घेते. तिचीच बारीक गुणगुण तारेंतून मुद्रणांत शिरते. यंत्र भिंतीच्या विजेवर न लावतां पूर्ण भारलेल्या बॅटरीवर चालविल्यास ही तक्रार बहुधा मिटते. मायक्रोफोनची तार विजेच्या तारेशीं समांतर नेऊं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. मोबाईलवर मुद्रण करतांना त्याचें दळणवळण विमान-स्थितींत ठेवून बंद करावें, नाहींतर ऐन रंगांत कोणाचा तरी फोन येतो. आणि यंत्रांत जागा किती उरली आहे हें अगोदर पाहावें. उत्तम प्रतीचें, दाब न दिलेलें एकपदरी ध्वनिमुद्रण तासास सुमारें ५०० मेगाबाइट जागा घेतें. चित्रासहित असल्यास याच्या कितीतरी पट.

चित्रमुद्रणांत आणखी दोन दोष नेहमीं आढळतात. वक्त्यास दारांत किंवा खिडकीपुढें बसविल्यास मागील उजेडानें यंत्र फसतें व चेहरा काळा येतो. त्यास उलट बसवून उजेड तोंडावर घ्यावा. दुसरा दोष असा कीं, कॅमेरा दूर असल्यानें त्यांतील आवाज वाईट येतो. तेव्हां आवाजासाठीं दुसरें यंत्र वक्त्याजवळ ठेवावें, आणि आरंभीं कॅमेऱ्यासमोर एक मोठी टाळी वाजवावी. पुढें चित्रांतील टाळी व आवाजांतील टाळी एकत्र जुळविली कीं ओठ व शब्द बरोबर येतात. बोलपटांच्या कामांत फळीचा खटका वाजवितात तो याचसाठीं.

मुद्रणाच्या आरंभीं नांव, गांव व दिनांक मोठ्यानें सांगण्याची संवय लावून घ्या. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित झालें. त्या काळीं तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होऊन येत. तेथील कारागिरांस गायक ओळखतां यावा म्हणून गायक गाण्याच्या अखेरीस स्वतःचें नांव उच्चारीत असत. आज आपल्या मोबाईलमध्यें केवळ आंकड्यांच्या नांवानें शेंकडों मुद्रणें पडलेलीं असतात. दहा वर्षांनीं कोणतें आजीचें व कोणतें आत्याचें, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं.

मुद्रण झालें म्हणजे काम संपलें असें समजूं नये. जपणूक हें निम्में काम आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. अशा महापुरांत एका कपाटांत ठेवलेलें सर्व एका रात्रींत नाहींसें होऊं शकतें. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या निदान तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. सांगलीच्या मुलानें एक प्रत साताऱ्यास मामांकडे ठेवावी, साताऱ्याच्या मुलानें सांगलीस. मेमरी कार्ड बिघडल्यास त्यावर नवें कांहींहि टिपूं नये. तें तसेंच बाजूस ठेवून जाणत्याकडे न्यावें, कारण वर नवें लिहिलें गेलें कीं जुनें कायमचें पुसतें.

घरांत जुन्या ध्वनिफिती असतील तर त्यांचीहि विचारपूस करा. महाबळेश्वर-पांचगणीकडील दमट हवेंत फितीवर पांढरी बुरशी चढते. अशी फीत यंत्रांत घालून चालवूं नये. बुरशी यंत्रास लागते व यंत्रावरून दुसऱ्या फितींस. भिजलेली फीत उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नये. लाखेच्या जुन्या तबकड्या पुसण्यास स्पिरिट कधींहि वापरूं नका, कारण लाख स्पिरिटांत विरघळते व तबकडीवरील रेघच नष्ट होते. मऊ, कोरड्या कुंच्यानें धूळ झाडून त्या उभ्या ठेवाव्या.

या सर्व नियमांचें सार एका संवयींत आहे. खरें मुद्रण सुरू करण्यापूर्वीं एक मिनिटभर मुद्रण करावें, आणि तें हेडफोन लावून नीट ऐकावें. घरघर, गुणगुण, प्रतिध्वनि, फाटलेला स्वर, हे सर्व त्या एका मिनिटांत उघडे पडतात. हें मिनिट वांचविण्याच्या घाईंत पुढील तास वाया जातो.

आणि यंत्राहूनहि अगोदरची एक गोष्ट आहे. "आजी, तुमचें बोलणें टिपून ठेवूं का?" असें विचारल्याविना यंत्र सुरू करूं नये. ज्याचा आवाज आपण जपूं पाहतों, त्याची इच्छा आधीं जपली पाहिजे. होकार मिळाल्यावर मात्र आपण मुकाट्यानें बसावें. मध्यें मध्यें "हो, हो" म्हणूं नये, केवळ मान हालवावी. वृद्ध माणूस बोलतां बोलतां थांबला तर लगेच दुसरा प्रश्न टाकूं नये. त्या शांततेनंतरच पुष्कळदां खरी हकीकत येते.

येत्या सुटींत तुम्हांपैकीं प्रत्येकानें आपल्या घरांतील अथवा गल्लींतील एका वृद्ध व्यक्तीचें अर्ध्या तासाचें मुद्रण करावें. दुष्काळ, महापूर, जातें, जत्रा, शाळेचा पहिला दिवस, विषय कोणताहि चालेल. महाग यंत्राची वाट पाहूं नका. एक घोंगडी, एक शांत सकाळ व एक मिनिटाची परीक्षा एवढें साधन पुरेसें आहे. यंत्रें वर्षानुवर्षें नवीं निघतील. आजी मात्र आज ओसरीवर बसलेली आहे.