जीपमध्ये डिझेल इंजिन : काम घेण्यापूर्वी हिशेब करा

बल्लारपूरहून कोठारी-गोंडपिपरीमार्गे आष्टी-आलापल्लीकडे निघालेल्या गाडीला पावसाळ्यात चिखल, नाले आणि खड्डे चुकत नाहीत. अशा वाटेवर डिझेल इंजिनाचा जोर उपयोगी पडतो. डिझेल कमी फेऱ्यांवर ताकद देते आणि कमी पिते. म्हणूनच गॅरेज लाईनमधल्या आपल्या तरुणांना एक प्रश्न नेहमी ऐकू येतो : "मिस्त्री, माझ्या पेट्रोल जिप्सीत डिझेल बसवून द्याल का?" आता थारचे मालकही हेच विचारतात. 'हो' म्हणण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

हा धंदा उगाच जन्माला आला नाही. 1945 साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने सुरू झालेल्या आणि 1948 मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेल्या कंपनीची विलीज जीप मुळात पेट्रोलची होती. (त्यातले भागीदार गुलाम महंमद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले.) पुढे कंपनीनेच जीपमध्ये डिझेल आणले. त्यातले फ्रान्सच्या प्युजोचे 2112 सीसीचे इंजिन जुन्या मिस्त्रींच्या चांगल्या ओळखीचे आहे. जुन्या पेट्रोल जीपा मग गॅरेजमध्येही डिझेलवर येऊ लागल्या, कारण दोन इंधनांच्या भावात मोठी तफावत होती.

ती तफावत आता तेवढी राहिलेली नाही. दिल्लीचे भाव घ्या. मे 2012 अखेर पेट्रोल 73 रुपये आणि डिझेल 41 रुपये लिटर होते. समजा, गाडी महिन्याला 1000 किलोमीटर चालते, पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 किलोमीटर देते. तेव्हा पेट्रोलचा खर्च 7300 आणि डिझेलचा सुमारे 3150 होई, म्हणजे शंभरातले 57 रुपये वाचत. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचा भावही मोकळा सोडला. मार्च 2024 मध्ये पेट्रोल 95 आणि डिझेल 88 च्या घरात होते. त्या भावाने त्याच गाडीला 9500 ऐवजी सुमारे 6770 रुपये लागत आणि बचत शंभरात 29 वर येई. बदलाला दोन लाख लागले असे धरले, तर ते वसूल व्हायला सहा वर्षे हवीत. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा. निम्मी गिऱ्हाइके तिथेच विचार बदलतील आणि तुमचे काही बिघडणार नाही.

आता कामाचे. इंजिन माउंटिंगवर बसले म्हणजे काम झाले, असे समजणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात घालतो. जिप्सीचे 1298 सीसीचे पेट्रोल इंजिन आपली 80 अश्वशक्ती मिनिटाला 6000 फेऱ्यांवर देते. साधे डिझेल साडेचार हजाराच्या आतच संपते. गिअर आणि क्राऊन-पिनियन तेच ठेवले, तर हमरस्त्यावर इंजिन ओरडत राहते आणि वेग मिळत नाही. वजन वाढल्याने पुढच्या पट्ट्या बसतात, तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडला की जॉइंट लवकर जातात. रेडिएटर, बॅटरी, स्टार्टर आणि टाकीकडे परत जाणारी डिझेलची नळी या गोष्टी वेगळ्याच.

सर्वांत मोठी चूक ब्रेकची होते. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या पोकळीवर चालतो. साध्या डिझेलमध्ये हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे तशी पोकळी तयार होत नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. तो न बसवता गाडी बाहेर काढली, तर गॅरेजच्या अंगणात काही कळत नाही. उतारावर भरलेली गाडी थांबवताना पेडल दगडासारखे कडक होते.

नवी थार पेट्रोलमध्येही मिळते आणि 2184 सीसीच्या डिझेलमध्येही. तेव्हा कंपनीचेच डिझेल इंजिन पेट्रोल थारमध्ये टाकू, असे वाटणे साहजिक आहे. पण एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाडीत इंजिन एकटे नसते. त्याच्यासोबत ईसीयू, सेन्सर, चावीची ओळख, धूर गाळणारी यंत्रणा आणि अख्खे वायरिंग येते. त्यातले एक जुळले नाही की गाडी सुरूच होत नाही. डिझेल हवे असलेल्याने पेट्रोल थार विकून डिझेल घ्यावी, असा सल्ला देणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा विजेच्या मंजूर किटसाठी वाट ठेवली आहे, पण भंगारातले डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. तेव्हा चंद्रपूरच्या आरटीओत लेखी विचारणा करून, लेखी उत्तर येईपर्यंत बोनेटला हात लावू नये. जुने इंजिन घेताना पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची नक्कल मागावी. चोरीच्या गाडीचा नंबर निघाला तर पोलीस आधी गॅरेजमध्ये येतात.

मग धंदा कुठे आहे? मूळच्या डिझेल जीपा अजून चालत्या आहेत. त्यांचे पंप-नोझल, हेड, रिंग-पिस्टन आणि व्हॅक्यूम पंप यांची कामे कायद्यात बसतात. त्याच जातीचे इंजिन बदलले तरी नंबर बदलतो, म्हणून आरटीओची मंजुरी घेऊन आरसीत नोंद करून द्यावी. त्या नोंदीची एक प्रत गॅरेजच्या फायलीत ठेवावी आणि ती धावपळ बिलात वेगळी लावावी.