चौकाकडे तोंड असलेली भिंत

प्रश्न : दमास्कसच्या जुन्या घरांची छायाचित्रे पाहिली. गल्लीतून दिसते ती नुसती मातीने लिंपलेली भिंत. आत चौकात मात्र रंगीत दगड, कमानी, कारंजे! एवढा खर्च करून तो लपवायचा कशाला? आणि चौकाच्या चारही बाजू सारख्या का नसतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पडदा, हे सर्वांच्या ओठांवरचे उत्तर. ते खोटे नाही. दारातून आत शिरताच बोळ वळण घेतो, त्यामुळे दार सताड उघडे असले तरी वाटसरूला चौक दिसत नाही. ऑटोमन सुभेदार असद पाशा अल-अझ्म याने 1749 च्या सुमारास बांधायला घेतलेल्या वाड्यात तर पाहुण्यांचा भाग (सलामलिक) वेगळा, घरच्यांचा (हरमलिक) वेगळा आणि नोकरांचाही वेगळा. पण खर्च लपवला, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर छाप पाडायची ती माणसे गल्लीत थोडीच उभी राहतात? ती आत येऊन कॉफी पितात.

शिवाय हा प्रकार केवळ मुसलमान घरांचा नाही. दमास्कसमधल्या फार्ही या ज्यू सावकार घराण्याचा वाडाही असाच चौकाभोवती नटलेला आहे. ‘इस्लामी घर’ हे नाव त्या मानाने सैलच.

बाजू सारख्या नसतात, त्याला कारण ऊन. चौकाच्या दक्षिणेला इवान असतो : तीन बाजूंनी बंद आणि चौथीकडे उंच कमानीतून चौकात उघडणारी बैठक. तिचे तोंड उत्तरेला, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारीही तिथे सावली. समोरच्या खोल्यांचे तोंड दक्षिणेला. डिसेंबरात दमास्कसचा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर असतो, तेव्हा ऊन त्यांच्या खिडक्यांतून थेट आत येते. घरची मंडळी ऋतूप्रमाणे बिऱ्हाड या बाजूचे त्या बाजूला हलवत.

आता सजावट. एक थर काळ्या दगडाचा, एक पांढऱ्याचा, मध्येच गुलाबी किंवा पिवळसर. या पट्टेदार बांधकामाला अबलक म्हणतात. काळा दगड म्हणजे दक्षिणेकडच्या हौरान भागातला बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. खिडक्यांच्या माथ्यावरची नक्षी मात्र अगदी जवळ जाऊन पाहावी. दगडात उथळ खाचा कोरून त्यांत रंगीत लुकण भरलेले असते, आणि लांबून ते दगडांचे जडावकाम वाटते. ज्यांना खऱ्या अबलकाचा खर्च झेपत नसे, ते गिलाव्यावर पट्टे रंगवून घेत. पट्टा दगडाचा की रंगाचा, हे ओळखायचे असेल तर गिलावा पोपडून निघालेला कोपरा शोधावा.