जुना आराखडा आणि नवा हिशेब

जुन्या लाकडी सामानाच्या आराखड्यावरून संगणकावर त्याची प्रतिकृती उभी करणे हे वरवर पाहता केवळ रेखाटनाचे काम वाटते. वस्तुतः त्यात इतिहास आहे, गणित आहे आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असा हिशेबही आहे. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

आंद्रे-जाकोब रूबो (१७३९–१७९१) हा पॅरिसचा सुतार. त्याने १७६९ ते १७७५ या काळात सुतारकामावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील सुतारी बाक, म्हणजे ज्यावर लाकूड ठेवून रंधा मारतात ते भक्कम टेबल, आजही अनेक देशांतील हौशी कारागीर बनवितात. रूबोने फळीची लांबी ६ ते १२ फूट, रुंदी २० ते २४ इंच आणि जाडी ५ ते ६ इंच सांगितली आहे.

माप कोणते?

येथेच पहिली अडचण येते. हा फूट इंग्रजी नव्हे. त्या काळचा फ्रेंच फूट सुमारे ३२४.८ मिलिमीटरचा होता. इंग्रजी फूट ३०४.८ मिलिमीटरचा आहे. आपण मराठीत ‘फूट’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘अडी’ म्हणतात. तेथे शब्द दोन, पण माप एकच. येथे शब्द एक आणि मापे दोन!

९ फूट लांब, २ फूट रुंद व अर्धा फूट जाड फळी घ्या. घनफळ ९ घनफूट. पण हे फ्रेंच घनफूट झाले. इंग्रजी मापात ते सुमारे १०.९ भरते. लांबीतला फरक फक्त साडेसहा टक्के. पण तो लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींत शिरतो आणि लाकडात २१ टक्के होतो. वखारीत लाकूड घनफुटाच्या दराने घेणाऱ्याने ९ घनफुटांवर किंमत सांगितली, तर नफा जाऊन पदरचे पैसे घालावे लागतील.

प्रतिकृती कशी करावी?

जुना कागद आकसतो, म्हणून पानावर थेट पट्टी लावू नये. लिहिलेले आकडे प्रमाण मानावेत. आकडे नसतील तेथे चित्रातल्या प्रमाणपट्टीशी ताडून पाहावे. नंतर स्केचअप किंवा फ्रीकॅडसारख्या प्रणालीत प्रत्येक भाग वेगळा रचावा. पायाचे कुसू आणि फळीतील खाच स्वतंत्रपणे काढून मग जुळवावी. कागदावर झाकून गेलेली चूक येथे उघडी पडते, कारण दोन भाग एकमेकांत घुसलेले ताबडतोब दिसतात. शेवटी सर्व भागांची यादी करावी. तथापि ती तयार मापांची यादी असते. करवतीत आणि रंध्यात जाणारे लाकूड तीत वेगळे धरावे लागते.

संगणकाला न कळणारे

लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. पडद्यावर नेमका बसलेला खण आषाढात अडकू शकतो. किती फट ठेवावी हे अनुभवी सुतार लाकूड हातात घेऊन सांगतो.

म्हणून प्रतिकृती पूर्ण झाल्यावर ती एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवावी, आणि किंमत त्यानंतरच लिहावी.