दिवाळीची भेट कापडात : खर्च किती, फायदा कधी?

मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. कागद चालतो, पण छोट्या खोक्यालाही दहा-पंधरा रुपयांचा लागतो आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी फाटून कचऱ्यात जातो. मग कापड परवडते का? परवडते, पण कापड कुठले आणि जाणार कोणाकडे, हे पाहूनच. खालचे दर हिशेबासाठी अंदाजे धरले आहेत. परभणीत, सेलूत किंवा गंगाखेडला तुमच्या दुकानातला दर घालून आकडे पुन्हा मांडा.

आधी कपाट उघडा

ओटीत आलेले आणि पुढच्या ओटीत जाणारे ब्लाउजपीस घरोघरी साठलेले असतात. 80 सेंमी लांब, 90 सेंमी पन्ह्याच्या एका पीसमध्ये तीन पोटल्या बसतात. जुन्या सुती साडीतून झिजलेला भाग वगळूनही 50 सेंमीचे पंधरा-सोळा चौकोन निघतात. अशा कापडाचा खर्च शून्य.

चौकोनी रुमाल

20 सेंमीच्या चपट्या खोक्याला 50 सेंमीचा चौकोन पुरतो, फराळाच्या डब्याला 70 सेंमीचा. खोके मधोमध तिरके ठेवून समोरासमोरची टोके बांधायची. शिवण लागते ती फक्त कडेला.

- नवे सुती कापड : मीटरला 70 रुपये, पन्हा 110 सेंमी. आटेल म्हणून सव्वा मीटर घ्या. चार रुमाल निघतात. एकाला 22 रुपये.
- कडेला पिको : रुमालामागे 10 रुपये.
- एकूण : 32 रुपये. घरचे कापड असेल तर फक्त 10.

घरी कड दुमडली तर पिकोचे पैसे वाचतात, पण 50 चा रुमाल 47 चा होतो. कापतानाच तेवढे वाढवून घ्या.

नाड्याची पोटली

संक्रांतीच्या वाणासाठी हीच सोयीची. 23 बाय 32 सेंमीचे दोन तुकडे जोडून, वर नेफा करून दोन्ही बाजूंनी नाडा ओवायचा. मीटरभर कापडात सहा पोटल्या होतात.

- कापड : 12 रुपये
- नाडा, सव्वा मीटर : 5 रुपये
- दोरा : दीड रुपया
- शिलाई, बाहेरून : 15 रुपये

म्हणजे एक पोटली साधारण 34 रुपयांना. पंचवीस जणींचे हळदीकुंकू असेल तर 850 रुपये. ओटीचे नऊ पीस वापरले तर तोच खर्च साडेपाचशेच्या आत येतो आणि घरच्या मशीनवर शिवल्यास दीड-पावणेदोनशेत भागते.

कापड घेताना

मानवत-सेलूच्या बाजारातला कापूस गाठी होऊन बाहेर जातो. दुकानात येणारे कापड इचलकरंजी, मालेगाव, सुरतचे असते. त्यामुळे ‘कॉटन’ म्हटले की सुतीच, असे समजू नका. कडेचा एक धागा काढून जाळा : सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून गाठ बनते. सिंथेटिक कापड रुमालाला नको, गाठ निसटते, पोटलीला चालते. नवे सुती कापड धुऊन, इस्त्री करूनच कापा. गडद रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. चिवडा, शंकरपाळे थेट कापडात बांधू नका. तेलाचा डाग सहज निघत नाही.

परवडते कधी?

पंधरा रुपयांच्या कागदाशी तुलना केली तर 32 रुपयांचा विकतचा रुमाल तिसऱ्या वापरापासून फायद्यात येतो. घरच्या कापडाचा पहिल्याच वेळी. म्हणून रुमाल ठेवावा बहीण-भाऊ, सासर-माहेर एवढ्यापुरता. शेजारचा डबा आपण रिकामा परत करत नाही. त्याच डब्यासोबत रुमालही फिरू द्या. जिथून परत येण्याची शक्यता नाही, तिथे पोटली द्या, ती त्या घरी सुपारी-लवंगेला, दागिन्यांना उपयोगी पडेल. एकदाच द्यायच्या भेटीसाठी नवे कापड विकत घेणे मात्र तोट्याचे.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत शिंप्यांकडे आणि फॉल-पिकोवाल्यांकडे ब्लाउज-साड्यांची गर्दी असते. काम पितृपक्षातच टाका, दर आधी ठरवा आणि सगळे कापड देण्यापूर्वी एक नमुना शिवून घ्या.