पुस्तक रात्री वाचता येतं, हजेरी दिवसाच लागते

नोकरी सांभाळून शिकायचं आणि मग पेशा बदलायचा, असं मनाशी धरलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. कुणी दिवसभर टॅलीवर बसणारी मुलगी असते, कुणी औषधांच्या दुकानातला सेल्समन, कुणी बँकेच्या वसुलीसाठी उन्हातान्हात फिरणारा. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत मी अकाउंटंटची शिक्षिका झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ‘ताई, मला जमेल का?’ हा प्रश्न माझ्या दारात येतो. जमतं. पण कुठे अडतं हे फी भरून झाल्यावरच कळतं, आणि तेव्हा मागे फिरणं महाग पडतं.

बी.कॉम. झाल्यावर मी लोखंडाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागले. मन मात्र शिकवण्यात होतं. अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान 50 टक्क्यांनी हवी आणि सोबत बी.एड. हवं. कागदावर या दोन अटी एका ओळीत येतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एम.कॉम. मला पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातून स्वाध्यायी म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत प्रायव्हेट, करता आलं. वर्गात बसायचं नाही, घरी वाचायचं, परीक्षेला जायचं. बी.एड.चं तसं नाही. तिथे माणूस स्वतः हजर लागतो. मला सांगायचं आहे ते एवढंच: पुढच्या शिक्षणातला कोणता भाग रात्री उरकता येतो आणि कोणता भाग दिवसाच, सदेह हजर राहून करावा लागतो, हे आधी वेगळं काढा.

एम.कॉम. रात्रीचं काम असलं तरी सोपं नव्हतं, कारण हिशेबाच्या नोकरीचं पंचांग वेगळं असतं. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 विवरणपत्र, 20 तारखेला जीएसटीआर-3बी, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, आणि 31 मार्चला तर श्वास घ्यायला सवड नाही. विद्यापीठाच्या वार्षिक परीक्षाही मार्चपासूनच सुरू होतात. त्यातच चैत्र नवरात्र आलं की महामाया मंदिरात ज्योती लागतात, दर्शनाची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत येते, घरी पाहुणे उतरतात. दिवसभर व्हाउचरं जुळवून आलेल्या माणसाने रात्री दहानंतर कॉस्ट अकाउंटिंगची गणितं सोडवायला बसावं आणि आत देवीचा जागर चालू असावा, असे दिवस मी काढले आहेत.

फायनलच्या वर्षी माझा एक पेपर बुडाला. रजा तोंडी मिळाली होती, ‘हो हो, जा’ म्हणून. आदल्या संध्याकाळी निरोप आला की उद्या बँकेचे लोक स्टॉक तपासायला येणार, आणि स्टॉकचा हिशेब माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. निकालपत्रावर त्या पेपरापुढे ‘अनुपस्थित’ आलं आणि माझं एक वर्ष पुढे गेलं. त्यानंतर मी जे केलं तेच आता सगळ्यांना सांगते. वेळापत्रक लागलं की त्याची झेरॉक्स जोडून रजेचा अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर मालकाची किंवा मॅनेजरची सही घ्या. सही मागायला संकोच वाटतो, पण सही केलेली रजा सहसा फिरवली जात नाही. शिवाय तुमच्या कामाची चावी फक्त तुमच्याच हातात ठेवू नका. मी परीक्षेच्या दोन महिने आधी ऑफिसातल्या एका धाकट्या सहकाऱ्याला स्टॉक स्टेटमेंट शिकवलं. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत बँकेचं काम निघालं तेव्हा त्याने ते नीट निभावलं आणि मी परीक्षा हॉलमध्ये होते.

अभ्यासाच्या वेळेबद्दल लोक फार उपदेश करतात. माझा अनुभव थोडक्यात सांगते. दिवसभर आकड्यांत राहणाऱ्याने रात्री गणितं घेऊ नयेत. रात्री थिअरी वाचावी, गणितं रविवारी सकाळी सोडवावीत. घरात जागा नसेल तर बाहेर जागा शोधा. रायपुरात 2018 साली सुरू झालेलं नालंदा परिसर आहे, चोवीस तास उघडं असणारं वाचनालय. आमच्या दोन खोल्यांच्या घरातून निघून तिथे बसले की डोकं आपोआप कामाला लागायचं. झोप मात्र मोडू नका. मी मोडली. हिमोग्लोबिन उतरलं, आणि डॉक्टरांनी गोळ्यांसोबत झोपही लिहून दिली.

आता बी.एड. इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. वर्ग आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची, त्यातले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षात. शाळा सकाळी भरते आणि दुपारपर्यंत चालते. ऑफिसची वेळही तीच. सोळा आठवडे रजा कोणता खासगी मालक देतो? मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे ना, असं अनेक जण म्हणतात. ते आहे, पण प्राथमिक स्तरावर आधीच शिकवत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण नियमित वर्गांत पूर्ण केलं आहे त्यांच्यासाठी. व्यापाऱ्याच्या गादीवर हिशेब लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मग कुणीतरी भेटतो आणि हळूच ‘नॉन-अटेंडिंग’ सुचवतो. फी थोडी जास्त, यायचं नाही, फक्त परीक्षेला या. मलाही हे सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही नाही म्हणा. तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हिशेबनीस म्हणून सांगते, कागद बोलतात. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याला तुमच्या पगारातून झालेली कपात दिसते, आणि त्याच महिन्यांत कॉलेजच्या रजिस्टरात तुमची 80 टक्के हजेरी. कधीतरी कागदपत्रांच्या तपासणीत हे दोन कागद एकाच टेबलावर आले, तर पदवी आणि नोकरी दोन्ही धोक्यात. शिवाय ज्या माणसाने शाळेतल्या फळ्यासमोर एकही पाठ घेतला नाही, तो उद्या चाळीस मुलांपुढे काय उभा राहणार?

मी काय केलं? एम.कॉम. हातात आल्यावर लगेच नोकरी सोडली नाही. दोन वर्षांच्या फीची आणि घरखर्चातल्या माझ्या वाट्याची रक्कम आधी बाजूला टाकली. मग गोल बाजार आणि मालवीय रोडवरच्या छोट्या दुकानदारांचं संध्याकाळचं पार्ट-टाइम हिशेबाचं काम धरलं, आणि ते बसल्यावर पूर्णवेळ नोकरी सोडली. कॉलेज दिवसा, दुकानं संध्याकाळी सातनंतर. उत्पन्न कमी झालं, पण बंद पडलं नाही. ज्यांच्या हातात तासावर विकता येणारं काम आहे, म्हणजे हिशेब, शिवण, टायपिंग, शिकवणी, त्यांनी प्रवेशाच्या सहा महिने आधीपासून ते जमवायला घ्यावं.

घरचा विरोध झाला, आणि तो मला समजतो. रायपूर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं. आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या नोकऱ्यांमागे इकडे आली आणि पगारावरच उभी राहिली. अशा घरात चालू नोकरी सोडणं म्हणजे अंगणातली विहीर बुजवण्यासारखं वाटतं. मी सासूबाईंना आणि नवऱ्याला वहीत महिन्यावार खर्च मांडून दाखवला: किती जमा, किती जाणार, कुठल्या महिन्यात ओढाताण. ती वही पाहिल्यावर वाद थांबला नाही, पण बोलणं पैशांवर आलं, आणि पैशांच्या गोष्टीतून मार्ग निघतो.

एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कॉलेजचं माहितीपत्रक वाचून प्रवेश घेऊ नका. ज्या पदावर जायचं आहे त्या पदाचे भरतीनियम वाचा. आमच्याच राज्यात काय झालं ते पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.वाल्यांना प्राथमिक शाळेत शिक्षक होण्याची वाट उघडली होती. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. छत्तीसगडमध्ये सहायक शिक्षक म्हणून लागलेले अडीच हजारांहून अधिक बी.एड.धारक या निकालापायी सेवेतून कमी झाले आणि नव्या रायपुरात आंदोलनाला बसले. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांना सहायक शिक्षक (विज्ञान प्रयोगशाळा) या पदावर सामावून घ्यायचं ठरवलं. ज्यांची बारावी गणित-विज्ञानाची नव्हती त्यांना ती पूर्ण करायला तीन वर्षांची मुदत दिली. विचार करा, पदवी, बी.एड. आणि नोकरी असलेली माणसं दिवसा प्रयोगशाळेत आणि रात्री बारावीच्या पुस्तकात. त्यांची यात काही चूक नव्हती. नियम बदलले, आणि नियम बदलतात. याच परिषदेच्या 2025 च्या मसुद्यात पदव्युत्तरांसाठी पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव आला आहे. तो लागू झाला तर एम.कॉम. झालेल्यांचा हिशेबच बदलेल. पहिली ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, अकरावी-बारावीला नाही. केंद्राच्या सीटीईटीत भाषा म्हणून मराठी निवडता येते. अशा बारीक गोष्टी आपणच शोधाव्या लागतात.

शिक्षकी पेशाखेरीज दुसरीकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. ते राहिलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून नोकरी करता करता भरून काढता येतं, पण पुढचं नर्सिंग पूर्णवेळच. वकिलीला बार कौन्सिलच्या नियमाने 70 टक्के हजेरी लागते. पात्रतेची पायरी रात्रीची, खरा अभ्यासक्रम दिवसाचा, असं चित्र बहुतेक ठिकाणी दिसेल.

तेव्हा यंदा प्री-बी.एड. प्रवेश परीक्षेचा किंवा कुठलाही अर्ज भरणार असाल, तर आधी एक संध्याकाळ काढा. हजेरीचा नियम, इंटर्नशिपचे आठवडे आणि इच्छित पदाची पात्रता, तिन्ही छापील कागदावर समोर ठेवून घरच्यांसोबत वाचा. नोकरीचा राजीनामा त्यानंतर लिहा, त्याआधी नाही.