खोकला दाबायची घाई

2025च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून लहान मुलं एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. आधी साधा सर्दी-ताप, मग उलट्या, मग लघवीच बंद. मूत्रपिंडं निकामी होत होती. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष तब्बल 48.6 टक्के निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. 20हून अधिक मुलं दगावली.

ती बातमी वाचून ठाण्यातल्या एका आईने घरातल्या औषधांचा डबा उपसला. दीड वर्षाचा लेक पावसाळ्यात पाळणाघरात जाऊ लागल्यापासून त्याचं नाक कोरडं असं नव्हतंच. डब्यात खोकल्याच्या अर्ध्या-मुर्ध्या बाटल्या होत्या. त्या गेल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारनेही त्याच वर्षी ऑक्टोबरात बजावलं.

तापाच्या औषधापाशी मात्र ती थबकली. पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या होत्या. थेंबांच्या बाटलीवर 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम, तर सिरपच्या बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 250. लेकाचं वजन 10 किलो; किलोमागे 15 धरले तर एका वेळचा डोस 150 मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांचे दीड मिलिलिटर किंवा सिरपचे तीन. घाईत कुणी थेंबांचं औषध चमचाभर पाजलं असतं, तर एका दमात 500 मिलिग्रॅम पोटात! आता घरात एकच बाटली असते. तिच्यावर डॉक्टरांना विचारून लिहिलेला डोस चिकटवलेला, शेजारी शेवटचा डोस दिल्याची वेळ.

पाळणाघरातल्या इतर आयांना ती सांगते, वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं या वयात नेहमीचंच आहे, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो, तिथे अँटिबायोटिक चालत नाही. अंगावरचं दूध, पेज, कोमट पाणी चालू ठेवायचं. वर्ष उलटलेल्या मुलाला झोपताना थोडा मध. त्याआधी अजिबात नाही. वाफेचं भांडं पोरांजवळ नकोच, भाजण्याची भीती असते.

लक्ष ठेवायचं ते श्वासावर. मूल शांत झोपलेलं असताना अंगरखा वर करून पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिटभर मोजायचं. 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त, वर्षापुढे 40 किंवा जास्त श्वास भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळची वाट बघू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला तरी लगेच निघायचं. मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तरीही.

दोन आठवड्यांपुढे खोकला आणि वजन वाढत नसेल तर क्षयाची तपासणी हवी. दरवेळी रात्रीच खोकला, छातीत सूं-सूं, घरात कुणाला दमा, असं असेल तर पंपाची (इनहेलरची) गोष्ट निघते आणि ‘सवय लागेल’ म्हणून घरचे नाही म्हणतात. पंपाची सवय लागत नाही. उलट औषध थेट फुप्फुसात जात असल्याने सिरपपेक्षा कितीतरी कमी पुरतं.