अंगठी कुणी हरवली?

चि. सोनूस,


तुझी एकांकिका दोनदा वाचली. शकुंतला आयटीत, दुष्यंत तिच्या कंपनीचा मालक, आणि अंगठीच्या जागी मोबाइलमधून उडालेलं चॅट. संवाद चुरचुरीत आहेत, टाळ्या पडतील. माझं घोडं अडलं ते त्या उडालेल्या चॅटपाशी.

चॅट उडालं म्हणजे दुष्यंत सुटला. बिचारा विसरला! ही सूट त्याला दिली कालिदासाने. महाभारताच्या आदिपर्वातल्या गोष्टीत अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. तिथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. ती रडत बसत नाही, भरसभेत त्याला सुनावते. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल होतो, आणि वर सांगतो की लोकांना संशय येऊ नये म्हणून असं वागलो! कालिदासाला असा नायक चालणार नव्हता. म्हणून शाप आला, अंगठी आली. तू ज्याला 'मूळ' म्हणतेस तेच रूपांतर आहे, बाई.

तेव्हा अंगठीऐवजी काय ठेवू, हे नंतर बघ. दुष्यंताला सोडायचं की नाही ते आधी ठरव. मला विचारशील तर सोडू नकोस. विसरभोळा मालक आज कुणाला पटायचा नाही. खोटं बोलणारा लगेच पटेल.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा कथा कालिदासाचीच ठेवली आणि लोकांच्या कानातल्या साक्या-दिंड्या तिला दिल्या. तोही एक रस्ता. पण तू कथाच हलवायला निघाली आहेस, तर अर्ध्यावर थांबू नकोस.

अंगठी सापडलेल्या कोळ्याचा प्रवेश मात्र गाळायला नको होतास. शिपाई त्याला चोर म्हणून बदडतात. राजाकडून बक्षीस येताच तो त्यातलं अर्धं त्यांनाच देतो, फुलांसाठी म्हणून. मग सगळे दोस्त होऊन दारूच्या दुकानाकडे निघतात. यात आधुनिक करायला काही शिल्लकच नाही! अर्थात अंगठी काढलीस की कोळीही जाणार. त्याच्यावर वेगळी एकांकिका लिही.

मे महिन्यात येशील तेव्हा नवा खर्डा आण. दरबाराचा प्रवेश आधी वाचून दाखव.

तुझा,
मामा